महास्फोट : यातले ‘फुटणे’ नेमके कोणते?

नाशिक रोड, विज्ञान शिक्षिका :
नववीच्या वर्गाला शहरातील यशवंतराव चव्हाण तारांगण दाखवून आणल्यावर विश्वाच्या आरंभाविषयी एक भित्तिपत्रक करायचे ठरले, आणि त्याचा मजकूर लिहिताना मी पहिल्याच ओळीवर अडले. “सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी महास्फोट झाला आणि विश्व निर्माण झाले,” असे मी फळ्यावर लिहिताच एका विद्यार्थिनीने विचारले, “बाई, हा स्फोट कुठे झाला? आणि तिथून लांब उभे राहिले असते तर तो दिसला असता का?” स्फोट म्हटला की त्याला जागा हवी, दारूगोळा हवा, आवाज हवा आणि पाहणारा हवा, हे तिचे गणित भाषेच्या दृष्टीने चूक नाही. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र यांतले काहीच तिथे नव्हते. तेव्हा ‘महास्फोट’ हा शब्दच बदलावा का? ‘आदिस्फोट’, ‘महाविस्फोट’, ‘विश्वाचा उगम’, ‘विश्वोत्पत्ती’ हे पर्याय माझ्यासमोर आहेत. जाणकारांनी कृपया सांगावे.

पंचवटी, निवृत्त मराठी शिक्षक :
बाई, शब्द बदलण्यापूर्वी त्याच्या मुळाशी जाऊन यावे असे मला वाटते. ‘स्फोट’ हा शब्द ‘स्फुट्’ या संस्कृत धातूपासून आला आहे आणि त्या धातूला फुटणे व उमलणे हे दोन्ही अर्थ आहेत. कळी प्रस्फुटित होते तेव्हा कोणी कानांवर हात ठेवत नाही. संस्कृत व्याकरणपरंपरेत तर ‘स्फोट’ ही संज्ञा फार निराळ्या अर्थाने आली. भर्तृहरींच्या ‘वाक्यपदीया’त स्फोट म्हणजे ज्याच्यामुळे अर्थ प्रकट होतो ते अखंड शब्दतत्त्व, आणि कानावर पडणारा ध्वनी हे त्याला व्यक्त करणारे केवळ साधन. म्हणजे स्फोट आणि आवाज यांत भेद करण्याची सोय आपल्या शास्त्रकारांनी आधीच करून ठेवली आहे. आजच्या मराठीतही ‘गौप्यस्फोट’ आणि ‘लोकसंख्येचा विस्फोट’ या प्रयोगांत दारूचा वास नाही.

‘फुटणे’ या आपल्या क्रियापदाची श्रीमंती तर विलक्षण आहे. मडके फुटते आणि कोंबही फुटतो. डोके फुटते आणि पालवीही फुटते. पान्हा, पाझर, घाम, वाचा, वाट आणि पहाट ही सगळी फुटतात. (अलीकडे परीक्षेचे पेपरही फुटतात, पण तो विषय वेगळा.) या प्रयोगांचे सरळ दोन गट पडतात. मडक्याच्या गटात जे होते ते मोडून त्याचे तुकडे इकडेतिकडे उडतात, तर कोंबाच्या गटात जे दिसत नव्हते ते प्रकट होऊन वाढू लागते. ‘महास्फोट’ ऐकणाऱ्याच्या मनात मडक्याचा गट जागा होतो, कारण वर्तमानपत्रांनी ‘स्फोट’ हा शब्द बाँब आणि गॅस सिलिंडर यांच्यासाठीच राखून ठेवला आहे. त्यामुळे दोष शब्दाचा की त्याला लागलेल्या संगतीचा, हे आधी ठरवावे. ‘महाविस्फोट’ मात्र मी सुचवणार नाही. तो हिंदीत रुळलेला आहे आणि त्यातील ‘वि’ या उपसर्गामुळे तुकडे अधिकच लांब उडतात.

गंगापूर रोड, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक :
गुरुजींचे विवेचन फार आवडले. मूळ इंग्रजी शब्दाची कथाही याला पूरक आहे. ‘बिग बँग’ हे नाव ज्यांना ही कल्पना पटत नव्हती त्या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी दिले. २८ मार्च १९४९ रोजी बीबीसीच्या रेडिओवरील व्याख्यानात त्यांनी ते उच्चारले. हेटाळणीसाठी उच्चारले असे नेहमी सांगितले जाते. हॉइल यांनी स्वतः ते नाकारले होते, आणि ज्यांना चित्र दाखवता येत नाही अशा श्रोत्यांसाठी एक ठसठशीत प्रतिमा हवी होती, इतकाच आपला हेतू सांगितला होता. म्हणजे हे नाव पारिभाषिक संज्ञा म्हणून घडवलेलेच नव्हते. ते नको म्हणून १९९३ साली एका अमेरिकी खगोलविषयक मासिकाने नव्या नावासाठी स्पर्धा घेतली, तेरा हजारांहून अधिक सूचना आल्या आणि परीक्षकांना एकही पसंत पडली नाही. परीक्षकांत कार्ल सेगन होते.

बेल्जियन धर्मगुरू आणि गणिती जॉर्ज लमेत्र यांनी १९३१ साली मांडलेली कल्पना ‘आद्य अणू’ची होती, तिच्यात स्फोटापेक्षा बीजाची छटा अधिक आहे. त्याआधी १९२७ साली त्यांनीच सामान्य सापेक्षतेच्या समीकरणांतून विश्व प्रसरण पावत असल्याचे दाखवले होते, आणि १९२९ साली एडविन हबल यांनी निरीक्षणांवरून सांगितले की, दीर्घिका (ताऱ्यांचा प्रचंड समूह) जितकी दूर, तितकी ती अधिक वेगाने आपल्यापासून दुरावते आहे.

आता विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येतो. स्फोटात आधीपासून असलेल्या जागेत पदार्थ फेकला जातो. येथे जागाच ताणली जाते आणि तिच्याबरोबर दीर्घिकांमधली अंतरे वाढतात. त्यामुळे “कुठे झाला?” या प्रश्नाचे उत्तर “सर्वत्र” असेच द्यावे लागते, आणि लांब उभे राहून पाहण्यासाठी ‘लांब’ असे काही उरत नाही. हे लक्षात घेतल्यास बाईंच्या वाक्यातला खरा दोष ‘महास्फोट’ या नामात नसून ‘झाला’ या क्रियापदात आणि त्यामागून आलेल्या ‘आणि’मध्ये आहे. “महास्फोट झाला आणि विश्व निर्माण झाले” म्हटले की आधी एक घटना, मग तिचा परिणाम असा क्रम मनात बसतो. विज्ञान एवढेच खात्रीने सांगते की १,३८० कोटी वर्षांपूर्वी आजचे दृश्य विश्व अत्यंत दाट आणि अत्यंत उष्ण स्थितीत होते आणि तेव्हापासून ते विरळ व थंड होत आले आहे. त्या स्थितीच्याही मागे, अगदी शून्य क्षणाला काय होते, हे आजची समीकरणे सांगू शकत नाहीत.

त्र्यंबकेश्वर :
‘विश्वाचा उगम’ हा पर्याय कृपया घेऊ नये. आमच्याकडे उगम म्हटले की बोट थेट ब्रह्मगिरीकडे जाते. पायऱ्या चढून गेले की गोदावरीचा उगम हाताने दाखवता येतो, आणि तिथून दूर नाशिकला रामकुंडावर उभे राहून “उगम तिकडे, पश्चिमेला” असेही सांगता येते. प्राध्यापक महोदयांच्या म्हणण्यानुसार विश्वाच्या बाबतीत नेमके हेच करता येत नाही. ‘उगम’ म्हटल्याने आवाज जाईल हे खरे, पण जागा राहील, आणि त्या मुलीची मुख्य अडचण जागेचीच होती.

निफाड, द्राक्ष बागायतदार :
मी विज्ञानाचा जाणकार नाही, तरी एका शब्दाविषयी बोलतो. विश्वाच्या अगदी आरंभी अत्यल्प काळात प्रचंड वेगाने प्रसरण झाले अशी जी कल्पना आहे, तिच्यासाठी मुलाच्या पुस्तकात मला एका ठिकाणी ‘स्फीती’ आणि एका ठिकाणी ‘फुगवटा’ असे शब्द दिसले. ‘फुगवटा’ वाचून मला चलनफुगवटाच आठवला. आम्ही द्राक्षाच्या मण्यांसाठी, कांद्यासाठी ‘फुगवण’ हा शब्द रोज वापरतो. मणी आकार धरू लागले की फुगवणीचा काळ येतो. तो ठरावीक असतो आणि त्या अवधीत मणी सर्व बाजूंनी सारखा वाढतो. ‘विश्वाची फुगवण’ म्हटले तर कोणत्याही शेतकऱ्याला ते न समजावता कळेल.

गंगापूर रोड, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक :
दादा, ‘फुगवण’ हा शब्द मी आजपासून वर्गात वापरणार आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ॲलन गुथ यांनी १९८१ साली ही कल्पना मांडली ती एका अडचणीवर उपाय म्हणून. आकाशाच्या दोन विरुद्ध टोकांकडून येणाऱ्या प्रारणाचे (प्रकाशासारख्या लहरींतून येणाऱ्या ऊर्जेचे) तापमान जवळजवळ तंतोतंत सारखे कसे, हा तो प्रश्न होता, कारण साध्या प्रसरणात त्या दोन टोकांचा एकमेकांशी कधी संबंध आलेलाच असू शकत नव्हता. आधी एकत्र असलेला इवलासा भाग एकाएकी अफाट फुगला असे मानले की हे सारखेपण उलगडते. आपल्या शब्दात अल्प अवधी आणि सर्व बाजूंनी सारखी वाढ हे दोन्ही गुण आहेत.

फक्त एक मर्यादा सांगतो. नंतरच्या संथ प्रसरणाला द्राक्षाचा दृष्टान्त लावू नये. घडात मणी फुगतात आणि परस्परांना चिकटतात; विश्वात दीर्घिका स्वतः फुगत नाहीत, गुरुत्वाकर्षणाने त्या बांधलेल्या असतात, आणि वाढते ते त्यांच्यामधले अंतर. त्याला आपल्याच बागेतला दुसरा शब्द जवळचा आहे : विरळणी. अर्थात तिथे मणी कात्रीने काढून टाकतात, येथे काढले काहीच जात नाही.

कॉलेज रोड :
डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला झालेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर होते. त्यांना महास्फोटाची कल्पना मान्य नव्हती असे ऐकले आहे. ते ‘स्थिर विश्व’ मानत होते ना?

गंगापूर रोड, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक :
महास्फोट त्यांना मान्य नव्हता हे खरे, पण ‘स्थिर विश्व’ या शब्दाने घोटाळा होतो. न हलणारे विश्व म्हणजे आइन्स्टाइन यांनी १९१७ साली कल्पिलेले विश्व. त्याला ‘अचल’ म्हणावे. हॉइल, हर्मन बाँडी आणि टॉमस गोल्ड यांनी १९४८ साली मांडलेले विश्व अचल मुळीच नव्हते, ते प्रसरण पावतच होते. मात्र प्रसरणाने पडणारी पोकळी भरून निघेल इतके नवे द्रव्य त्यात सतत निर्माण होत राहते, म्हणून त्याचे एकंदर रूप कधीही पाहिले तरी सारखेच राहते आणि त्याला आरंभ मानण्याची गरज उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गोदावरीचे पात्र रोज तेच दिसते, पाणी मात्र कालचे नसते, तसे. म्हणून तिथे ‘स्थिर विश्व’ न म्हणता ‘स्थिर स्थिती’ म्हणतात. केंब्रिजला हॉइल यांचे विद्यार्थी असलेल्या नारळीकरांनी पुढे १९९३ साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह याच कल्पनेची सुधारित आवृत्ती मांडली. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. नारळीकरांनी मात्र महास्फोटाविषयीचे आक्षेप कधी सोडले नाहीत.

पंचवटी, निवृत्त मराठी शिक्षक :
यावरून आठवले. ‘महास्फोट सिद्धांत’ यातील दुसरा शब्दही तपासायला हवा. सिद्धांत म्हणजे अंती सिद्ध झालेले. तो ऐकून वाचकाला वाटते की वाद संपला. याउलट बोलताना आपण “ती नुसती थिअरी आहे” म्हणतो, तेव्हा वाटते की तो केवळ तर्क आहे. पुराव्यांची संगती लावणाऱ्या मांडणीसाठी मराठीत ‘उपपत्ती’ हा चांगला शब्द आहे आणि तो मागे का पडला, हे मला कळत नाही.

गंगापूर रोड, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक :
सहमत आहे. त्यातही प्रतवारी करावी लागेल : दाट, उष्ण आरंभ ही भक्कम पुराव्यांची उपपत्ती आहे, तर फुगवण अजून गृहीतकाच्या जवळ आहे.

पुराव्यांतला सर्वांत ठळक पुरावा आणि सर्वांत चुकीचा शब्द योगायोगाने एकाच ठिकाणी आहेत. आरंभानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी विश्वाचे तापमान साधारण ३,००० केल्विनपर्यंत उतरले, तेव्हा मोकळी भटकणारी इलेक्ट्रॉन अणुकेंद्रकांशी जोडली गेली आणि अणू तयार झाले. तोवर प्रकाश या मोकळ्या इलेक्ट्रॉनांवर सतत विखुरत होता, धुक्यातल्या दिव्यासारखा. आता त्याची वाट मोकळी झाली. या टप्प्याला पाठ्यपुस्तके ‘पुनर्संयोग’ म्हणतात. त्यातील ‘पुनः’ला काहीही आधार नाही, कारण हा संयोग पहिल्यांदाच होत होता, इंग्रजीतली चूक आपण इमानाने उतरवून घेतली. त्या वेळी सुटलेला प्रकाश अजूनही आपल्यापर्यंत पोहोचतो आहे. वाटेत त्याची तरंगलांबी सुमारे ११०० पट ताणली गेल्यामुळे तो आता दिसत नाही; सूक्ष्मलहरींच्या रूपात सर्व दिशांनी येतो, आणि त्याचे तापमान २.७२५ केल्विन, म्हणजे उणे २७० अंश सेल्सियसच्या आसपास आहे. आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना १९६४ साली न्यू जर्सीतील आपल्या अँटेनामध्ये न जाणारी खरखर ऐकू आली ती हीच. अँटेनात कबुतरांनी केलेली घाण साफ करूनही ती गेली नाही. १९७८ साली तिच्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रारणाला कोणी ‘किरणोत्सर्ग’ म्हणू नये, ही जाता जाता विनंती. तो शब्द युरेनियमसारख्या द्रव्यांचा आहे.

पंचवटी, निवृत्त मराठी शिक्षक :
३,००० केल्विनला प्रकाशाचा रंग कसा असतो?

गंगापूर रोड, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक :
जुन्या तारेच्या बल्बसारखा, तांबूस पिवळा.

पंचवटी, निवृत्त मराठी शिक्षक :
मग शब्द शोधण्याची गरजच नाही. धुके विरून तांबूस प्रकाश पहिल्यांदा मोकळा होणे, याला मराठीत ‘तांबडे फुटणे’ म्हणतात. कोंबाच्या गटातले हे ‘फुटणे’ महास्फोटाला नव्हे, तर त्यानंतर ३,८०,००० वर्षांनी आलेल्या या टप्प्याला शोभते.

नाशिक रोड, विज्ञान शिक्षिका :
सर्वांचे मनापासून आभार. गुरुजी, तुमचे ‘तांबडे फुटणे’ मी वर्गात सांगितले तेव्हा त्याच विद्यार्थिनीने विचारले की मग त्याआधी रात्र होती का. रात्र नव्हती, उजेडाचेच धुके होते, असे मी सांगितले. ‘महास्फोट’ हा रूढ शब्द मी ठेवते आहे, ‘झाला’ हे क्रियापद काढते आहे. पत्रकाचा मजकूर असा केला आहे : “विश्वोत्पत्तीशास्त्र काय सांगते? सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी आजचे दृश्य विश्व अतिशय दाट आणि उष्ण होते. तेव्हापासून ते सर्वत्र विरळ आणि थंड होत आले आहे. या उपपत्तीला महास्फोट असे नाव आहे. मात्र त्यात आवाज नव्हता आणि त्याला मध्यबिंदूही नाही. आरंभानंतर ३,८०,००० वर्षांनी विश्वात तांबडे फुटले. तो प्रकाश आजही सर्व दिशांनी येतो.” काही चुकत असल्यास आजच कळवावे, उद्या मुले रंगवायला घेतील.

पंचवटी, निवृत्त मराठी शिक्षक :
बाई, मजकूर उत्तम आहे. ‘उत्पत्ती’ स्वतंत्र असताना दीर्घ, पण समासात पूर्वपद झाल्यावर ऱ्हस्व, म्हणून ‘विश्वोत्पत्तिशास्त्र’. रंगवण्यापूर्वी तेवढी वेलांटी बदलून घ्यावी.