मागच्या तळ्यात गळ टाकू द्यावा का?

सचिव: नमस्कार. मागच्या तळ्यावर मुलं गळ टाकून बसतात, त्याबद्दल तक्रारी आल्या आहेत. रविवारच्या बैठकीत विषय घ्यायचा आहे. त्याआधी इथे मोकळेपणाने बोलावं ही विनंती. फॉरवर्ड नकोत.

ड-४०२: एक तक्रार माझी आहे. सरळ बंदी घाला. ते तळं पावसाचं पाणी अडवायला बांधलंय, मासेमारीसाठी नाही.

अ-५०४: त्या मुलांत माझा मुलगाही आहे. एरवी एका जागी न बसणारा पोरगा तिथे तासन्‌तास पाण्याकडे बघत बसतो. मला त्यात वावगं काही दिसत नाही. पण परवा त्याने विचारलं, "मासा घरी आणू का?" आणि मला उत्तर देता येईना. क-१०१ काका, तुमची हयात गळ टाकण्यात गेली. तुम्हीच सांगा.

क-१०१: ताई, गळ टाकायला माझा होकार आहे, मासा खायला ठाम नकार. ड-४०२ म्हणतात ते खरंच आहे. छपरं, रस्ते आणि पार्किंगवरचं पाणी एकदम नाल्यात गेलं तर खालच्या वस्तीत पूर येईल. म्हणून ते इथे थोपवायचं, त्यातला गाळ खाली बसू द्यायचा आणि पाणी हळूहळू सोडायचं, हे या तळ्याचं काम. आता गाळ खाली बसतो म्हणजे त्याला चिकटून आलेली घाणही खालीच बसते. तळं जितकं चोख काम करेल तितका त्याचा तळ खराब होत जाणार, आणि मासे तिथेच चरतात.

अ-२०१: पण काका, पाणी तर नितळ दिसतं. बगळे आणि खंड्या रोज मासे खातातच की.

ब-२०३: मी पाणी तपासणीच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नितळ दिसण्यावर जाऊ नका. टायर झिजून जस्त येतं, ब्रेकमधून तांबं, गाड्यांखाली गळलेलं तेल, बागेतलं खत आणि कीटकनाशक, सगळं पहिल्या सरीबरोबर तळ्यात उतरतं. टायरचं रबर लवकर तडकू नये म्हणून त्यात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग होऊन ६पीपीडी-क्विनोन तयार होतं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पाऊस पडला की शहरी ओढ्यांतले कोहो सामन मासे पटापट मरायचे आणि वर्षानुवर्षं कारण सापडत नव्हतं. ते हेच रसायन होतं, हे डिसेंबर २०२० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलं. कोहोच्याच जवळच्या नात्यातल्या चम सामनला मात्र त्या रसायनाने काही होत नाही. म्हणजे मासे जिवंत आहेत एवढ्यावरून पाणी चांगलं ठरत नाही.

ब-२०३: दुसरं, पारा. तळाच्या चिखलात ऑक्सिजन संपला की तिथले जिवाणू पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी नावाचं विषारी संयुग बनवतात. ते बारीक किड्यांतून लहान माशात, लहान माशातून मोठ्या माशात जातं आणि दर पायरीला वाढत जातं. ते मासात मुरतं. साफ करून, तळून, उकळून जात नाही. बगळ्यांच्या अंगातही ते असंच साठतं, त्यामुळे बगळा खातो म्हणून आपण खावं असं नाही.

अ-२०१: एखाद्या वेळी खाल्ला तर?

ब-२०३: एका माशाने बहुधा काही होणार नाही. पण "एखाद्या वेळी"ची सवय व्हायला वेळ लागत नाही, आणि मिथाइल मर्क्युरीचा सगळ्यात जास्त त्रास पोटातल्या बाळाच्या आणि लहान मुलांच्या मेंदूला होतो. शिवाय पाण्यावर हिरव्या रंगाची साय धरली असेल तर एकदाही नको. त्या निळ्या-हिरव्या शेवाळातल्या मायक्रोसिस्टिन नावाच्या विषावर उकळण्याचा परिणाम होत नाही. ते मुख्यतः माशाच्या यकृतात साठतं. अशा वेळी कुत्र्यांनाही ते पाणी पिऊ देऊ नका.

अ-५०४: कळलं. आमच्याकडे मासा येणार नाही.

ड-४०२: मग धरायचा आणि सोडायचा? हा नुसता छळ झाला. सोडलेला मासा जगतो तरी का?

क-१०१: नीट सोडला तर बहुतेक वेळा जगतो. वाईट सोडला तर तुमच्यासमोर पोहत जातो आणि दोन दिवसांनी मरतो. म्हणून मुलांना शिकवायला हवं, आणि ते मी करीन. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकायचा, म्हणजे गळ अलगद निघतो. हात आधी ओले करायचे. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगजंतूंपासून वाचवतो आणि कोरड्या हाताने किंवा फडक्याने तो निघून येतो. फोटोसाठी मासा गवतावर ठेवायचा नाही. मी मुलांना सांगतो, तुम्ही जेवढा वेळ श्वास रोखू शकता तेवढाच वेळ त्याला पाण्याबाहेर धरा. गळ खोल गिळला असेल तर ओढाओढ करायची नाही, तोंडाजवळ दोरी कापून मासा सोडायचा.

आणि वेळ पाहायची. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. दिवसा शेवाळ ऑक्सिजन देतं, रात्री तेच तो वापरतं, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. उन्हाळ्यात शेवाळ माजलेलं असताना उजाडताच गळ टाकायला मलाही आवडेल, पण तेव्हा मासा आधीच धापा टाकत असतो. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करताना दिसले की त्या दिवशी काठ्या घरी.

ब-३०६: गेल्या उन्हाळ्यात मासे मरून तरंगले होते, ते कुणी विष टाकलं म्हणून नव्हतं का?

ब-२०३: नाही. त्याच आठवड्यात अख्ख्या तळ्यातल्या शेवाळावर एकदम औषध मारलं होतं. मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला ऑक्सिजन संपतो. पुढच्या वेळी थोड्या थोड्या भागात मारायला सांगू.

क-१०१: आणि तेव्हा सचिवांना पहिला फोन गळ टाकणाऱ्या मुलांनीच केला होता, हे विसरू नका. पाण्यावर तेलाचा तवंग आला, वास बदलला, पाइप तुंबला, हे खिडकीतून दिसत नाही. काठावर बसणाऱ्याला दिसतं. बंदी घातलीत तर त्या तळ्याकडे बघणारं कुणी उरणार नाही. माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे.

ड-४०२: काका, तुमचा मुद्दा पटतो. पण एखादं मूल बुडालं तर?

क-१०१: ही काळजी माझीही आहे. पाणी जिथून आत येतं तो पाइप आणि जिथून बाहेर जातं ती जाळी, या दोन्ही जागांजवळ कुणीही जायचं नाही, मोठ्यांनीसुद्धा नाही. पावसात बाहेर जाणाऱ्या पाण्याची ओढ माणसाला जाळीवर चिकटवून ठेवू शकते, आणि वरून ती ओढ दिसत नाही. आकाश भरलं की उठायचं. पातळी बघता बघता चढते. सोबत मोठं माणूस हवंच. वरून विजेच्या तारा जातात तिथे काठी उभी धरायची नाही, कार्बन फायबरच्या काठीतून वीज वाहते.

अ-२०१: आमच्या टाकीतला सकरफिश फार मोठा झालाय. तळ्यात सोडला तर चालेल?

ब-२०३: कृपा करून नको! ते काठात बिळं करतात, मग काठ ढासळतो. अशा तळ्यांत नको असलेले मासे येतात ते बरेचदा कुणीतरी टाकी रिकामी केल्यामुळेच. दुकानदार परत घेतो का विचारा.

ब-३०६: दोरीला शिशाचे मणी लावलेले चालतात का? भाच्याकडे आहेत.

क-१०१: नको. पाणपक्षी खडे समजून गिळतात आणि शिशाच्या विषबाधेने मरतात. इंग्लंडमध्ये हंस असे मरू लागल्यावर १९८७ मध्ये तिथे शिशाच्या बहुतेक वजनांवर बंदी आली. पोलादाची किंवा कथलाची वजनं मिळतात. तुटलेली दोरीही खिशात घालून घरी न्यायची, पक्ष्यांच्या पायात अडकते.

ड-४०२: दोन्ही पाइपांशी कुंपण आणि "इथले मासे खाऊ नयेत" अशी ठळक पाटी लागली तर मी तक्रार मागे घेतो. तोवर नाही.

सचिव: कुंपण आणि पाटी रविवारी पहिला विषय. तोवर मुलांनी काठ्या घरीच ठेवाव्यात. या तळ्यावर गळ टाकायला परवाना लागतो का, तेही विचारून घेतो.

क-१०१: त्यातच गाळ काढायचा विषयही घ्या. पाइपाच्या तोंडाशी गाळ अडवायला जो छोटा खड्डा आहे, तो काठोकाठ भरलाय. आता येणारा गाळ थेट मोठ्या तळ्यात चाललाय.

सचिव: घेतला.