'मी घेते' म्हणजे 'आय टेक' का नाही? वर्तमानकाळ, आर्टिकल आणि 'विल'चा सराव कसा करावा?

कोरी_वही विचारते:

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण थोडक्यात विचारलं की सगळे 'वाचन वाढवा' एवढंच सांगतात.

मी हिशेबाच्या कामात आहे. गेलं वर्षभर रोज रात्री अर्धा तास गाळलेल्या जागा भरते. वीसपैकी सतरा-अठरा बरोबर येतात. पण सकाळी मेल लिहायला बसले की हात अडतो. मागच्या आठवड्यात नव्या वरिष्ठांना ओळखीचा मेल पाठवला. त्यात लिहिलं, 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स सिक्स इयर्स. आय ॲम हॅविंग गुड नॉलेज ऑफ टॅक्स.' मेल गेल्यावर शेजारच्या सहकारिणीने वाचला आणि म्हणाली, दोन्ही वाक्यं चुकली. का चुकली, ते तिलाही सांगता येईना.

दुसरा प्रसंग त्याच दिवशीचा. बैठकीत टेबलावरचा फोन वाजला. मी उठत म्हणाले, 'आय टेक.' समोरचे दोघं वाक्य पुरं होण्याची वाट बघत राहिले. माझ्या दृष्टीने ते पुरं झालं होतं! 'विल' भविष्यकाळासाठी हे मला पाठ आहे, पण फोन तर मी त्याच क्षणी घेत होते.

आर्टिकलचं तर विचारूच नका, ती मी अंदाजाने टाकते. कुठे 'अ', कुठे 'द', कुठे काहीच नाही, हे लिहिताना कसं ठरवायचं? नियम मला येतात. नियमापासून वाक्यापर्यंत कसं यायचं, ते सांगा.

तळटीप:

आधी तुमची वाक्यं दुरुस्त करून देतो. 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर सिक्स इयर्स.' किती काळ ते सांगायचं असेल तर 'फॉर', कधीपासून ते सांगायचं असेल तर 'सिन्स'. म्हणजे 'फॉर सिक्स इयर्स', पण 'सिन्स 2019'. दुसरं वाक्य 'आय हॅव अ गुड नॉलेज ऑफ टॅक्स'. 'नॉलेज' मोजता येत नाही, तरी 'अ गुड नॉलेज ऑफ' असंच म्हणतात. हा अपवाद आहे, तसाच लक्षात ठेवा.

आणि 'शी वर्क्स'मधला शेवटचा 'स'. मराठीत जातो, जाते, जातोस, जातात अशी किती रूपं आपण न चुकता वापरतो. इंग्रजीत एकच 'स' सांभाळायचा असतो आणि नेमका तोच सुटतो. मेल पाठवण्याआधी फक्त त्या 'स'साठी एकदा वेगळी नजर फिरवा.

दुभाषी_बाई:

ताई, मी बावीस वर्षं यंत्रांची माहितीपत्रकं इंग्रजीत आणि मराठीत आणते. सुरुवातीची बरीच वर्षं माझी पानं संपादकांकडून परत यायची तेव्हा ओळीओळीत लाल शाईने घातलेला 'द' असायचा. मी ते सगळे 'द' एका वहीत उतरवून काढले आणि प्रत्येकासमोर माझं मूळ मराठी वाक्य लिहिलं. साठेक वाक्यं झाल्यावर दिसायला लागलं की इंग्रजीला हवा असलेला भेद माझ्या मराठी वाक्यात बहुतेक वेळा होताच. तो वेगळ्या जागी होता, म्हणून मला दिसत नव्हता.

आर्टिकलपासूनच सुरू करते, कारण तिथे सगळे हात टेकतात. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणा: 'टेबलावर फाइल आहे.' 'फाइल टेबलावर आहे.' पहिल्यात कुठलीशी फाइल आहे, ऐकणाऱ्याला ती नवीन आहे: 'देअर इज अ फाइल ऑन द टेबल.' दुसऱ्यात आपण दोघं जिच्याबद्दल बोलतोय ती फाइल: 'द फाइल इज ऑन द टेबल.' मराठीत आर्टिकल नाही, पण शब्द पुढे-मागे करून आपण तेच काम करतो.

दुसरी खूण 'ला'ची. 'आम्ही अकाउंटंट शोधतोय' म्हणजे जागा रिकामी आहे, कोणीतरी हवाय: 'वी आर लुकिंग फॉर ॲन अकाउंटंट.' 'आम्ही अकाउंटंटला शोधतोय' म्हणजे तो ठरलेला माणूस कुठे गेलाय ते बघतोय: 'वी आर लुकिंग फॉर दि अकाउंटंट.' एका 'ला'ने अर्थ फिरला की नाही? ही खूण माणसं आणि प्राणी यांच्या बाबतीत चांगली चालते. वस्तूंना आपण 'ला' क्वचितच लावतो, तिथे शब्दांच्या क्रमाकडे बघा. दोन्हींनी भागलं नाही तर नामाच्या आधी मनात 'तो, ती, ते' घालून बघा. 'ते आपलं ठरलेलं' असं म्हणता आलं तर 'द'. 'एक, कुठलातरी' बसलं तर 'अ'.

व्यवसाय सांगताना मात्र मराठी मदत करत नाही. 'मी शिक्षिका आहे' मध्ये कुठे 'एक' नाही, पण इंग्रजीत 'आय ॲम अ टीचर' असंच लागतं. 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'फर्निचर' यांना 'अ' चालत नाही, हेही पाठच करायचं.

'अ' की 'ॲन' हा प्रश्न देवनागरी चुटकीसरशी सोडवते. पुढचा शब्द ऐकू येतो तसा देवनागरीत लिहा. सुरुवातीला स्वर आला तर 'ॲन': अवर, ऑनेस्ट, एम.बी.ए., एसएमएस. व्यंजन आलं तर 'अ': युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-वे. इंग्रजी स्पेलिंग बघून ठरवायला गेलं की 'अवर'मधला मुका एच आणि 'युनिव्हर्सिटी'चा यू फसवतात. उच्चार फसवत नाही. 'द'चा उच्चार स्वराआधी 'दि' होतो, तोही याच चाळणीने कळतो. मला आवडणारी एक गोष्ट सांगते. 'ॲन' हा मुळात 'एक' या अर्थाचाच जुना शब्द, व्यंजनाआधी त्याचा 'न' गळून 'अ' उरला. हा 'न' कुठल्या बाजूचा याचा बोलणाऱ्यांचाही गोंधळ व्हायचा. आजचा 'ॲन एप्रन' पूर्वी 'अ नेप्रन' होता!

आता काळ. तुमच्या 'आय ॲम वर्किंग सिन्स'खाली मला मराठी वाक्य स्पष्ट दिसतं: 'मी सहा वर्षांपासून काम करतेय.' मराठीत ते शुद्धच आहे. 'करतेय'च्या जागी 'ॲम वर्किंग' ठेवलं म्हणून घोटाळा झाला. वाक्यात 'पासून' आणि 'अजून चालू' हे दोन्ही असलं की 'हॅव बीन' आणायचं, ही गाठ मारून ठेवा. 'हॅविंग'साठी मी एक सोपी कसोटी वापरते: याचं चित्रीकरण करता येईल का? लिहिणं, चालणं, फोनवर बोलणं कॅमेऱ्यात दिसतं, तिथे 'इंग' शोभतं. जवळ असणं, माहीत असणं, समजणं, आवडणं दिसत नाही, म्हणून 'आय हॅव', 'आय नो', 'आय अंडरस्टँड'. मराठीत 'मला समजतंय' म्हणतो म्हणून 'आय ॲम अंडरस्टँडिंग' तोंडात येतं, तिथे जीभ आवरायची. कसोटी दर वेळी पुरत नाही, 'आय ॲम थिंकिंग अबाउट इट' अगदी बरोबर आहे, पण तुमच्या मेलमधल्या चुका तिने निघतील.

एक जागा अशी आहे जी मला कुठल्याच वर्गात कोणी दाखवली नव्हती. 'तो खुर्चीत बसलाय', 'बाळ झोपलंय', 'तिने निळा शर्ट घातलाय'. आपण क्रिया पूर्ण झाल्याचं रूप वापरतो, कारण बसून झालं, घालून झालं. इंग्रजी मात्र पुढची चालू अवस्था बघते: 'ही इज सिटिंग', 'द बेबी इज स्लीपिंग', 'शी इज वेअरिंग अ ब्लू शर्ट'. आणि याच्या उलट, 'मी काल मेल पाठवलाय' हे मराठीत खपतं, पण इंग्रजीत 'यस्टरडे' आला की 'हॅव' चालत नाही: 'आय सेंट द मेल यस्टरडे.' या दोन प्रकारांची स्वतःची दहा-दहा वाक्यं काढा. छापील रिकाम्या जागांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आणि तुमचा फोन. आपण त्या क्षणी ठरवतो तेव्हा मराठीत वर्तमानकाळ येतो: 'मी घेते', 'मी सांगते त्यांना', 'बघते'. इंग्रजीत इथे 'विल' लागतं: 'आय विल गेट इट.' ओळखायचं कसं? वाक्याआधी 'थांबा' लावून बघा. 'थांबा, मी घेते' छान बसतं, म्हणजे 'विल'. 'थांबा, मी सोमवारी ऑडिटरना भेटतेय' बसत नाही, कारण ते आधीच ठरलंय: 'आय ॲम मीटिंग दि ऑडिटर ऑन मंडे.' मनात पक्का बेत असेल तर आपण 'णार' म्हणतो, 'मी नोकरी बदलणार आहे', तिथे 'गोइंग टु'. 'बैठक अकराला सुरू होते' हे वेळापत्रक, तिथे दोन्ही भाषांत साधा वर्तमानकाळ. आणि 'खिडकी उघडू का?' हे 'शॅल आय ओपन द विंडो?' शी तंतोतंत जुळतं.

सराव विचारलात, तर रोज दिवसभरात तुम्ही खरोखर बोललेली पाच मराठी वाक्यं रात्री लिहा आणि इंग्रजीत आणा. एवढंच करा. तीन आठवड्यांत शंभराच्या वर तुमची स्वतःची वाक्यं होतील, आणि मेलमध्ये तीच लागतात.

सरळरेषा:

बाईंचा अनुभव मान्य, पण मला वाटतं मराठीतून भाषांतर करत राहिलं तर बोलण्यात वेग कधीच येत नाही. थेट इंग्रजीत विचार करायला शिका.

दुभाषी_बाई:

वेगाबद्दल तुमचं बरोबर आहे, बोलताना भाषांतर करायला वेळ नसतो. पण ताईंचं इंग्रजी वाक्य चुकतं तेव्हा तिथे मराठी आधीच येऊन बसलेलं असतं. ते निवांतपणे, कागदावर बघितल्याशिवाय हटत नाही. रात्री वहीत भाषांतर, दिवसा सरळ बोलणं, असं दोन्ही चालू द्यावं.

कोरी_वही:

चार रात्री केलं. 'अकाउंटंटला' वाचून मी खरंच थांबले. आमच्याकडे जागा रिकामी आहे आणि जाहिरातीच्या मसुद्यात मी 'द अकाउंटंट'च लिहिलं होतं, ते बदललं. कालची पाच वाक्यं देते, बघाल का?

'आय हॅव अ क्वेश्चन.' 'शी इज स्टँडिंग निअर द डोअर.' 'आय ॲम गोइंग टु लर्न ॲन ॲप.' 'थांबा, मी प्रिंट काढते' याचं 'आय विल प्रिंट इट'. आणि 'रिपोर्ट झाला की फोन करते' याचं 'व्हेन आय विल फिनिश द रिपोर्ट, आय विल कॉल यू'.

दुभाषी_बाई:

पहिली चार उत्तम, आणि 'ॲन ॲप'ही अचूक. पाचव्यात पहिलं 'विल' काढा: 'व्हेन आय फिनिश द रिपोर्ट, आय विल कॉल यू.' तुमचंच मराठी बघा, 'रिपोर्ट झाला की' असं म्हणालात, 'होईल की' नाही. काम व्हायचंय, तरी आपण तिथे भविष्यकाळ वापरत नाही. आपण भूतकाळी रूप घेतो, इंग्रजी वर्तमानकाळ घेते. 'इफ', 'बिफोर', 'आफ्टर' आणि 'अन्टिल'नंतरही असंच. उद्याच्या पाचांत 'की', 'तर' आणि 'पर्यंत' असलेली तीन वाक्यं घ्या आणि इथेच टाका.