ऑक्टोबरात उटीला गोल्फ : बॅगेत कपडे काय भरावेत? तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. आम्ही चौघे कोल्हापूरकर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गोल्फ खेळायला उटीला निघालोय. गाडीनेच, हुबळी-म्हैसूर करत. मुक्काम चार दिवस, राउंड तीन (एक राउंड म्हणजे अठरा होल, म्हणजे अठरा खड्ड्यांचा पूर्ण खेळ). दसऱ्यापर्यंत आपल्याकडचा पाऊस ओसरतो, त्यामुळे कपड्यांचा मी विचारच केला नव्हता. मग एका जाणत्या मित्राने सांगितलं, की नैऋत्य मोसमी पाऊस परतला की तिकडे ईशान्येकडचा सुरू होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात निलगिरीत चांगलाच पाऊस असतो. तेव्हापासून पलंगावर बॅग उघडी आहे. रोज काहीतरी आत जातं, काहीतरी बाहेर येतं.

ट्रेकला माणूस भिजायच्या तयारीनेच जातो. क्रिकेटमध्ये पाऊस आला की मॅच थांबते. गोल्फ मात्र पावसातही चालू राहतो, चार-साडेचार तास उघड्यावर, आणि प्रत्येक फटक्याला खांदे मोकळे फिरायला हवेत. म्हणून दुकानदाराच्या याद्या नकोत. तुमचं काय भिजलं, काय कामाला आलं आणि काय घडी न मोडता परत आलं, तेवढं लिहा.

राजारामपुरी, उटीला दोनदा खेळलोय

दादा, पहिल्या खेपेला माझंही असंच झालं होतं. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, उटी २,२४० च्या आसपास. हजार मीटरला सहा-साडेसहा अंश उतरतात, म्हणजे इथल्यापेक्षा दहा अंश कमी धरूनच चालायचं. एवढं गणित करून मी घरी विणलेला जाड स्वेटर नेला. सकाळी सातला पहिल्या टीवर (जिथून होलचा पहिला फटका मारतात ती जागा) धुकं, गवतावर दव, बोटं बधिर. स्वेटर हवाहवासा वाटला. पण पहिल्याच फटक्याला तो काखेत दाटला आणि बॉल उजवीकडच्या झाडीत गेला. पाचव्या होलला ऊन असं चढलं की तो काढून कमरेला बांधला. अकराव्याला ढग खाली आले.

पावसाळी पँट होती माझ्याकडे, पण तिच्या पायाला चेन नव्हती. चिखलात एका पायावर उभा राहून मी ती बुटावरून ओढतोय, बूट अडकतोय, मित्राने खांद्याला धरलंय आणि तोवर आतली पँट मांडीपर्यंत ओली झाली. बूट काढावा तर मोजा चिखलात. उरलेले सात होल तसाच खेळलो. घोट्यापासून वर निदान गुडघ्यापर्यंत चेन असलेलीच पँट घ्या आणि घरी गोल्फचे बूट घालून ती चढवून बघा.

आणि तिकडे पावसात कपडे वाळत नाहीत हो. खोलीत दोरीवर टाकलेले मोजे दोन रात्री झाल्या तरी ओलसरच होते. तिसरा राउंड मी दमट कपड्यांत काढला आणि परतीच्या वाटेवर तापाने फणफणलो. दुसऱ्या वेळी तीन राउंडला तीन जोड नेले, सगळे पातळ, एकावर एक चढवता-उतरवता येतील असे. चौथा जोड जाड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून खोलीवरच ठेवला. त्यातलं काहीही कोर्सवर, म्हणजे मैदानावर, न्यायचं नाही, अगदी रुमालसुद्धा. दुसऱ्या दिवशी नखशिखांत भिजून आलो, अंग पुसलं, गाठ सोडली आणि कोरडी बनियन घातली. तेव्हा कुठे चहाचा कप हातात स्थिर राहिला.

इचलकरंजी, तीन पिढ्या मागावर

सुताबद्दल वाईट बोलवत नाही, आमचं घर त्यावर उभं आहे. तरी सांगतो, पावसातल्या खेळाला सुती शर्ट नको. कापडाच्या धंद्यात मॉइश्चर रिगेन म्हणून एक आकडा असतो. ठरावीक तापमानाच्या, ठरावीक दमट हवेत कोरडा धागा स्वतःच्या वजनाच्या किती टक्के ओल धरतो, ते त्यावरून कळतं. सूत साडेआठ टक्के, पॉलिएस्टर ०.४ टक्के, लोकर १६ च्या घरात. हे झालं नुसत्या हवेतलं. पावसात सूत चिंब होतं, अंगाला चिकटतं आणि ते पाणी उडून जायला लागणारी उष्णता तुमच्याच अंगातून घेतं. वारा सुटला की हुडहुडी भरते ती त्यामुळे.

मग सगळ्यात जास्त ओल धरणारी लोकर उबदार कशी? तिची ओल धाग्याच्या पोटात जाते, आणि धागा कुरळा असल्यामुळे मध्ये हवा अडकून राहते. आपल्याकडचे धनगर भर पावसात घोंगड्याची खोळ डोक्यावरून घेऊन मेंढरांमागे उभे राहतात, ते याच बळावर. लहानपणी त्या खोळीत मी शिरलोय. बाहेरून पाणी निथळत होतं आणि आत मेंढरांचा वास आणि ऊब. घोंगडं पांघरून स्विंग (फटक्यासाठी हात फिरवणं) होणार नाही, पण मेरिनो जातीच्या मेंढीच्या मऊ लोकरीची पातळ बनियन मिळते. महाग आहे, एकच घ्या, पण घ्या. तिच्यावर पॉलिएस्टरचा कॉलरवाला टी-शर्ट, त्यावर जॅकेट. जीन्स तर नकोच. बऱ्याच क्लबांत ती चालत नाही आणि भिजली की पाय उचलवत नाही. झोपायला मात्र सुतीच न्या, त्या सुखाला तोड नाही.

गाव करवीर तालुक्यात, पुण्यात एका कोर्सवर कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा)

भावा, लोक जॅकेट भारीतलं आणतात अन् ग्लोव्ह एकच आणतात. पावसात पहिल्यांदा हात जातो. चामड्याचा ग्लोव्ह भिजला की ग्रिप सटकते. क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, हातातून निसटून बॉलच्या पुढं जाऊन पडलेला मी बघितलाय. तीन तरी ग्लोव्ह न्या, एकेक वेगळ्या झिपच्या पिशवीत. भिजलेला पिळायचा नाही, उन्हात किंवा गाडीच्या काचेपाशी टाकायचा नाही, पापडासारखा कडक होतो. बोटं सरळ करून सावलीत ठेवायचा. पावसासाठी म्हणून कापडी ग्लोव्ह मिळतात, ते जोडीनं येतात, दोन्ही हातांत घालायचे. ते ओले झाले की उलट जास्त पकडतात.

टॉवेल दोन. एक बॅगेला लटकवा, तो भिजणारच. दुसरा छत्रीच्या आत, वरच्या काड्यांना अडकवायचा. त्यानं फक्त ग्रिप, म्हणजे क्लबची मूठ, पुसायची. बॉल नाही, तोंड नाही. तो टॉवेल अठराव्या होलपर्यंत कोरडा राहिला की निम्मं काम झालं असं मी समजतो.

जॅकेट दुकानात अंगात घालून पूर्ण स्विंग करून बघा. लाजू नका. खांद्यात ओढलं तर तिथंच ठेवून या. मनगटाला पट्टी पाहिजे, नाहीतर हात वर केला की पाणी थेट कोपरापर्यंत उतरतं.

आणि एक काळजीनं सांगतो. वळवाच्या पावसात एकदा आभाळ गडगडायला लागलं. गटातले एक काका म्हणाले, एवढा पुट (खड्ड्याजवळचा हलका फटका) मारून जाऊ. मी पहिल्यांदाच मोठ्या आवाजात बोललो, त्यांची बॅग उचलली अन् चालायला लागलो. स्पर्धेत कमिटीनं धोक्यासाठी खेळ थांबवला की तत्काळ थांबायचं, हा नियमच आहे, अन् भोंगा झाला नसला तरी विजेचा धोका वाटला तर खेळाडूला स्वतःहून थांबता येतं. अशा वेळी झाड नको, उघडी छत्री नको. क्लबहाऊस गाठा, नाहीतर काचा लावून गाडीत बसा.

ताराबाई पार्क

मी खेळत नाही, यजमान खेळतात. मी सोबत चालते. लेक एडिंबरोत असते, म्हणून गेल्या जुलैत स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या गोल्फच्या गावाला गेलो. जुलै म्हणजे तिकडचा उन्हाळा, या हिशेबाने मी सुती कुर्ते आणि एक शाल घेतली होती. रविवारी तिथला प्रसिद्ध ओल्ड कोर्स सहसा खेळासाठी बंद असतो, लोक मुलं-कुत्री घेऊन गवतावर फिरायला येतात. आम्ही कोर्सवरच्या छोट्या दगडी स्विलकन पुलाशी पोहोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं. फोटो काढेपर्यंत समुद्राकडून धुकं आलं. तिकडे त्याला हार म्हणतात. समोरची इमारत दिसेना आणि शाल दवाने जड झाली.

तिथे पावसापेक्षा वारा त्रास देतो. समुद्रकाठचा कोर्स, आडोसा कसलाच नाही. यजमानांची मोठी छत्री उलटी झाली, मग ती नुसतीच बॅगेत ओझं. लेकीने मला तिचं वारा अडवणारं जॅकेट दिलं, घडी केली की मुठीत मावेल इतकं पातळ. त्याच्यात मी चारही दिवस चालले. शिवाय कान झाकणारी लोकरी टोपी. उटीला इतका वारा नसेलही, पण सोबत कुणी बाई चालणार असतील तर त्यांच्यासाठी असं जॅकेट वेगळं घ्या. खेळणारा निदान हातपाय हलवत असतो, बघणारा गारठतो.

रुईकर कॉलनी

चष्मेवाल्यांसाठी : जॅकेटच्या हुडखाली टोपी घाला, पुढे मोठी झडप असलेली. नुसता हुड डोळ्यांवर येतो आणि काचांवर थेंब बसतात. आणि पांढरी पँट घरीच ठेवा ताई-दादांनो. माझी दोन राउंडांत गेली, मागच्या बाजूने पोटरीपर्यंत चिखलाचे शिंतोडे, अजून निघालेले नाहीत.

गांधीनगर, कपड्यांचं दुकान

जुनं पावसाळी जॅकेट नेणार असाल तर आधी नळाखाली धरून बघा. थेंब ओघळून गेले तर ठीक. कापड काळपट होऊन पाणी पीत असेल तर वरचा लेप उतरलाय. सौम्य साबणाने धुवा, कपडे मऊ करायचं द्रव्य अजिबात घालू नका, आणि लेबलवर परवानगी असेल तरच मंद इस्त्री फिरवा, लेप बराचसा परत काम करायला लागतो. नव्या जॅकेटची शिवण आतून बघा. तिच्यावर पट्टी चिकटवलेली नसेल तर पाणी टाक्यांतून येणार.

मंगळवार पेठ

बुटांचं कुणी लिहिलं नाही. आमच्याकडे फुटबॉलचे बूट पिढ्यानपिढ्या असेच वाळवतात : आतलं सोल काढायचं, जुना पेपर चुरगळून टाचेपासून चवड्यापर्यंत ठासायचा आणि दोन तासांनी बदलायचा. पहिला पेपर लगदा होऊन निघतो, तिसरा जवळजवळ कोरडा. हीटरपाशी ठेवले तर चामडं तडकतं. रात्री पेपर घातला तर सकाळी बूट घालण्याजोगे होतात. डिकीत आठवड्याभराची रद्दी टाका. संध्याकाळी मिरवायला कोल्हापुरी न्यायची इच्छा होईल, पण तिला पाण्यात घालू नका, तळ फुगतो आणि शिवण सुटते. साधी रबरी चप्पल न्या.

धागा सुरू करणारा

सगळ्यांचे मनापासून आभार. रद्दी डिकीत टाकली. राजारामपुरीकर दादांचं वाचून काल रात्री बूट घालून पावसाळी पँट चढवून बघितली. चढली नाही. आमच्या चौघांपैकी तिघांची तीच पँट आहे, एकाच दुकानातून घेतलेली. उद्या बूट घेऊनच तिकडे जातोय.