झाकीरभाई म्हणजे नुसती सर्कस? अहो, पेशकार तरी ऐका!

किनारवाला: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "खरा तबला १९७६ साली उस्ताद अहमदजान थिरकवांबरोबरच गेला, झाकीर हुसेनने त्याची सर्कस केली." डोकं फिरलं म्हणून लिहितोय. तबल्यातून काढलेले डमरू, घोड्याच्या टापा, पाऊस हे आवाज सगळे शेवटी, पब्लिकसाठी. रीलमध्ये तेवढंच येतं, म्हणून तुम्हाला तेवढंच माहीत. त्याआधीचा पेशकार, म्हणजे एकल तबल्याची ती संथ सुरुवात? विलंबित तीनतालात मोकळ्या सोडलेल्या जागा, मनगट दाबून डग्ग्यातून काढलेला घुमारा, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, नुसती दाखवून पुढे सटकणं. सर्कशीत असतं का हे?

जुनी_रेकॉर्ड: ते लिहिणारा मीच. एक शब्द मागे घेणार नाही. थिरकवा खाँसाहेबांचा 'धातिट धातिट धाधा तिट' ऐका. दिल्ली घराण्याचा साधा कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, क्लासातलं पोरही वाजवतं. पण चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा, एकेक 'ना' टाकसाळीतून पडल्यासारखा! हाच माणूस गंधर्व कंपनीत बालगंधर्वांच्या पदांना ठेका धरायचा. केस उडवावे लागले नाहीत. आणि पद्मभूषण मिळालं कधी, तर १९७० मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर. झाकीरला पद्मश्री सदतिसाव्या वर्षी.

किनारवाला: आलात शेवटी केसांवर! नाटकात वाजवलं की साधना, 'शक्ती' या फ्यूजन बँडमध्ये गिटारवाल्या मॅक्लॉफ्लिनबरोबर वाजवलं की बाटला?

ठेका_धरा: तुमचं चालू द्या. मी बावीस वर्षं साथ करतोय. मागच्या वर्षी एका मंडळाच्या पत्रिकेवर गायिका, अध्यक्ष, अगदी मांडववाल्याचंही नाव. खाली बारीक अक्षरात 'व साथीदार'. पाकिटात जाण्यायेण्याचं रिक्षाभाडंसुद्धा सुटलं नाही.

पेटीमास्तर: तुम्हाला साथीदार तरी म्हणाले. एकल तबल्यात तासभर एकच लेहरा, म्हणजे ताल दाखवणारी तीच ती फिरती धून, आम्ही ओढायचा, मात्रा हलली तर सगळे आमच्याकडे बघणार. टाळ्या मात्र तबलजीला.

ठेका_धरा: तबलजी म्हणायचं नाही. तबलावादक.

पेटीमास्तर: बरं, तबलावादक. आणि आम्ही जन्मभर पेटीवालेच ना?

ठेका_धरा: आम्हाला तबलजी म्हणत मागे बसवत आले, म्हणून चीड येते. पेटीवाल्यांना कुणी मागे ढकललं? शेजारीच असता की!

पेटीमास्तर: शेजारी? माइक लावलाय का कधी कुणी आमच्यासमोर धड?

जुनी_रेकॉर्ड: विषय काय, चाललंय काय!

ठेका_धरा: विषय हाच आहे, साहेब. रविशंकरांच्या शेजारी बसून झाकीरच्या वडिलांनी, अल्लारखाँनी, तबल्याला नाव मिळवून दिलं, आणि पोराच्या काळात लोक तबल्यासाठी तिकीट काढायला लागले. तुमच्या शुद्धतेने माझं नाव पत्रिकेवर छापून आलेलं नाही.

जुनी_रेकॉर्ड: किनारवाल्यांच्या हट्टापायी रात्री पेशकार लावला. ठीक आहे. पहिली वीस मिनिटं बरी आहेत. मग घोडा आला, मी बंद केलं.

किनारवाला: वीस मिनिटं! पेढे वाटतो.

पेटीमास्तर: लेहऱ्यावर कोण होतं?

जुनी_रेकॉर्ड: सारंगी होती बहुतेक. नाव नाही बघितलं.