मदत हवी आहे: मेंदीचं कुंपण काढून शेजारी पक्की भिंत घालतायत, हद्द कशी ठरवायची?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय, अन्नपूर्णा रोडकडच्या एका जुन्या कॉलनीत आमचं घर आहे, आईबाबा आणि मी. पोस्ट लांबलीय, सांभाळून घ्या, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला काही सांगताही येणार नाही.

आमच्या आणि उत्तरेकडच्या शेजाऱ्यांच्या मध्ये भिंत कधीच नव्हती. घर बांधलं तेव्हा बाबांनी लोखंडी अँगल रोवून काटेरी तार ओढली आणि तारेला धरून मेंदी लावली. आता ती तार शोधावी लागते, खोडं मनगटाएवढी झालीत, बऱ्याच ठिकाणी तार खोडाच्या आतच गेलीय आणि वरून साल मिटलीय, मधेच एखादा गंजका काटा बाहेर आलेला दिसतो तेवढाच. शेजारचे अंकल-आंटी फार चांगले आहेत, भांडण वगैरे कधी नाही. आता त्यांचा मुलगा, आम्ही भैया म्हणतो त्याला, जुनं घर पाडून तीन मजली बांधतोय. ठेकेदाराने बरोबर तारेच्या रेषेत चुन्याची लाइन मारली आणि भैया येऊन बाबांना म्हणाला, "काका, दीवार बीच में ले लेते हैं, आधा-आधा खर्चा." बाबा लगेच हो म्हणायला निघाले होते, मीच म्हटलं थांबा, आधी नपती, म्हणजे मोजणी करू.

कारण बाबाच कायम सांगत आलेत की तार हद्दीवर नव्हती घातली, आपल्या जागेत एक वीत आत घातली होती, पलीकडच्या बाजूने छाटणी करायची तर दुसऱ्याच्या जमिनीत फांद्या नकोत म्हणून. शिवाय मागच्या कोपऱ्यात सीताफळाचं झाड आहे, तिथे तार झाडाला वळसा घालून आणखी आत आलीय. म्हणजे तार मध्य धरली तर समोर एक वीत जाते, मागे त्याहून जास्त, वर भिंतीची निम्मी जाडी.

रजिस्ट्रीत प्लॉट 40 बाय 60 आहे. टेपचं दुसरं टोक भैयानेच धरलं, त्याच्याबद्दल तक्रार नाही बरं का. दक्षिणेच्या भिंतीपासून तारेपर्यंत समोर 39 फूट 3 इंच भरलं, मागे सीताफळाजवळ 38 फूट 10. पण मग वाटलं दक्षिणेची भिंत तरी जागेवर आहे कशावरून? म्हणून दोन्ही प्लॉट मिळून मोजले, आमच्या दक्षिणेच्या भिंतीपासून त्यांच्या उत्तरेच्या भिंतीपर्यंत 80 हवे होते, भरले 79 फूट 7. पाच इंच कुठल्या तरी टोकाच्या भिंतीने खाल्लेत, आणि ते आमच्या वाट्याचे की त्यांच्या हे टेप सांगत नाही. कर्ण पण मोजायचा होता, 40 बाय 60 चा कोपरा काटकोनात असेल तर 72 फूट 1 इंचाच्या जरासा वर यायला पाहिजे, पण मध्ये घर उभं आहे, टेप जाणार कुठून. कॉलनी कापली तेव्हाचे कोपऱ्याचे दगड असणार, पण रस्त्याचे थरावर थर चढलेत, एकही दिसत नाही.

कागदाचं म्हणाल तर म.प्र. भू-राजस्व संहिता 1959 च्या कलम 129 खाली तहसीलदाराकडे सीमांकनाचा अर्ज करता येतो, आरआय (महसूल निरीक्षक) येतो, शेजाऱ्यांना नोटीस जाते, समोरासमोर मोजणी होते, प्लॉट नंबरसाठी पण होतं. पण बाबा ऐकत नाहीत. म्हणतात की अंकलच्या घरी आपल्याकडून तहसीलची नोटीस जाणार असेल तर मला ती भिंतही नको आणि वीतही नको. माझा भाऊ पुण्याहून फोनवर म्हणतो सोडून दे ना वीतभर जागा. त्याला सोपं आहे, पुढेमागे घर विकायचं ठरलं तर गिऱ्हाईक टेप घेऊन येईल तेव्हा उत्तर मलाच द्यायचंय.

त्यात कॉलनीतल्या एका काकांनी आईला घाबरवून ठेवलंय की बारा वर्षं झाली की जागा ज्याच्या ताब्यात त्याची. ग्वाल्हेरचा आतेभाऊ वकील आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला मुदत कायदा 1963 मधली 12 वर्षांची गोष्ट खरी आहे, पण त्यासाठी समोरच्याने ती जागा स्वतःची म्हणून, मालकाच्या विरोधात, उघडपणे वापरलेली असावी लागते, तुमच्या परवानगीने किंवा आपलं शेजारधर्माने आंटी तिथे कपडे वाळत घालत असतील तर तो असा ताबा होत नाही. आईला हे सांगितलं तर ती म्हणते, मग आंटीला कपडे वाळत घालायला मीच सांगितलं होतं हे कुठे लिहून ठेवू?

आता भिंतीचं. ज्यांचं घर मालव्यात आहे त्यांना काळी माती सांगायला नको, मे महिन्यात भेगा अशा पडतात की बोटं आत जातात आणि पावसाळ्यात तीच माती फुगते. समोरच्या लाइनीत एकाची साडेचार इंची भिंत अशी वाकलीय की खालून गाडी लावायला लोक घाबरतात. मिस्त्रीचं म्हणणं पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावाच लागेल आणि भिंत नऊ इंची असली तरी खाली पाया दोन-अडीच फूट रुंद. हे कोणी बोलतच नव्हतं! म्हणजे वर भिंत मध्यावर दिसेल पण खाली चर खणताना मेंदीची मुळं सगळी जाणार, सीताफळाचीही बरीचशी. आणि भैया उद्या म्हणाला की बरं, भिंत पूर्ण माझ्या जागेत घेतो, तरी पाया एका बाजूलाच काढायला त्याला ठेकेदाराला मुद्दाम सांगावं लागेल.

दुसरं पाण्याचं. आमच्या मागच्या अंगणाचा उतार त्यांच्याकडे आहे, पावसाचं पाणी मेंदीच्या बुडातून पलीकडे जाऊन त्यांच्या कडेने रोडच्या नालीत जातं. सलग भिंत झाली की ते आमच्याकडे तुंबणार, माती भिजून भिंतीलाच रेटा देणार. भारतीय सुविधाधिकार कायदा 1882 मध्ये उदाहरणच दिलंय की वरच्या जमिनीचं पाणी नैसर्गिकरीत्या खालच्या जमिनीत वाहू द्यायचं, पण कायदा दाखवण्यापेक्षा भिंतीत पाणी जायला पाइप ठेवा एवढंच सांगावं म्हणतेय.

भैयाची बाजू पण सांगते. त्याची मुलं लहान आहेत, मेंदीत मागच्या पावसाळ्यात धामण निघाली होती, बायको घाबरते, आणि मेंदी आमची असली तरी निम्मा पाला त्यांच्या अंगणात पडतो. चूक नाही त्याचं.

तर माझ्या डोक्यात असं आहे की सलग भिंतीऐवजी आरसीसी पोल आणि स्लॅबवालं प्रीकास्ट किंवा अँगलवर चेनलिंक जाळी घालावी, सहा-सात फुटांवर एकेक खड्डा, चर नाही, मुळं बऱ्यापैकी वाचतील, आणि मेंदी गुडघ्यापर्यंत छाटली तरी परत फुटते. पण काळ्या मातीत हे पोल किती खोल घ्यायचे? इथे कोणी लावलेत का, दोन-तीन पावसाळ्यांनंतर सरळ आहेत का? आणि हद्द ठरल्यावर दोघांच्या सहीचा नकाशा नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून चालेल का?

एडिट: खूप जणांनी उत्तरं दिलीत, एकत्रच लिहिते. नोटरीचं कळलं, आहे ती हद्द दोघांना मान्य आहे एवढं लिहिता येतं, पण जागा इकडची तिकडे द्यायची तर रजिस्ट्रीच लागते. ज्यांनी सुचवलं की सीमांकनाचा अर्ज भैयालाच टाकू दे, त्यांना खरंच मानलं, घर त्याचं बांधायचंय, नकाशा त्याला पास करायचाय, साइडचा एमओएस (घराभोवती मोकळी सोडायची जागा) त्याला दाखवायचाय, तेव्हा मोजणीची गरज त्यालाच जास्त आहे आणि नोटीस आमच्याकडे येईल, बाबांची पण अडचण सुटली. भैयाशी बोलले, तो तयार आहे, नगर तथा ग्राम निवेशने पास केलेला कॉलनीचा मूळ लेआउट पण काढतोय म्हणजे मोजणी आमच्या वाकड्यातिकड्या भिंतींवरून न होता ब्लॉकच्या टोकापासून होईल. तोवर चुन्याची लाइन आहे तशीच आहे, ठेकेदार रोज तोंड वाकडं करतो, करू दे.

"भिंतच घ्या, मेंदीचं काय एवढं" म्हणणाऱ्यांनो, आईला तोंडावर सांगून बघा.

प्रीकास्टवाल्यांचा अनुभव अजून एकाचाही आला नाहीये. कोटेशन आलंय त्यात खड्डा अडीच फूट लिहिलाय, मिस्त्री म्हणतो एवढ्यात मुरूम लागतच नाही आपल्याकडे. राऊ, राजेंद्र नगर, सुदामा नगर, कुठलेही चालतील, पोल हलले का तेवढं सांगा. आणि सीताफळ वाचवायला तिथला एक पोल सरकवून घेता येतो का, की स्लॅबचं माप ठरलेलं असतं?