खेड्यातल्या लहान मुलांमध्ये स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) प्रमाण खरोखरच कमी असते का?

प्रश्न : अंगणवाडी सेविका, सातारा जिल्हा

माझ्या अंगणवाडीत साडेतीन वर्षांचा एक मुलगा येतो. नावाने हाक मारली तरी तो वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही आणि डब्याचे झाकण फिरवत तासभर बसून राहतो. त्याचे वडीलही उशिराच बोलायला लागले होते, असे आजी सांगते. गावातली शिकलेली माणसे म्हणतात की स्वमग्नता शहरातल्या मुलांना होते. हे खरे आहे का, आणि मी काय करावे?

उत्तर १ : बालरोगतज्ज्ञ

ताई, हे खरे नाही. हिमाचल प्रदेशात ग्रामीण, शहरी आणि आदिवासी भागांतील १ ते १० वर्षांच्या २८,०७० मुलांची पाहणी झाली, तेव्हा ४३ मुलांमध्ये स्वमग्नता निश्चित झाली, म्हणजे साधारण ६५० मुलांमागे एक, आणि प्रमाण सर्वांत जास्त आढळले ते ग्रामीण भागातच. अमेरिकेत २०२२ साली आठ वर्षांच्या दर ३१ मुलांमागे एक अशी नोंद आहे, पण ती मोजणी दवाखान्यांच्या आणि शाळांच्या कागदपत्रांवरून होते. जिथे मुलाची कधी तपासणीच झाली नाही, तिथे असा कागद तयार होत नाही. त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून आपल्याकडे स्वमग्नता दुर्मीळ आहे असे म्हणणे मला चुकीचे वाटते.

तुम्ही लिहिलेली लक्षणे, विशेषतः बोटाने न दाखवणे, गांभीर्याने घ्यावीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, त्या डॉक्टरांना हे मूल मुद्दाम दाखवा आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे जिथे अशा मुलांची पुढची तपासणी आणि उपचार होतात तिथली, चिठ्ठी मागा. ऐकू येते की नाही याची तपासणी आधी व्हावी.

उत्तर २ : एक आई, यवतमाळ जिल्हा

माझ्या मुलीचे निदान ती सहा वर्षांची झाल्यावर झाले. त्याआधी तीन वर्षे आम्ही नवस केले आणि कानाची औषधे घातली. ती वर्षे परत मिळणार नाहीत, म्हणून कळकळीने लिहिते आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, ही अडचण घरच्यांना सांगता येत नाही. ती तुम्हीच ओळखावी आणि शक्य झाल्यास सोबत जावे.

उत्तर ३ : बालरोगतज्ज्ञ

या ताईंच्या म्हणण्याला एक जोड देतो. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत झालेल्या एका चाचणीत तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी आईवडिलांना मुलाशी संवाद साधण्याची पद्धत शिकवली, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आईवडील मुलाला अधिक समजून प्रतिसाद देऊ लागल्याचे दिसले. म्हणजे चिठ्ठी मिळेपर्यंत घरी थांबून राहण्याची गरज नाही : मुलगा झाकण फिरवतो तेव्हा त्याच्यासमोर बसून आईनेही झाकण फिरवावे आणि तो पाहील त्या क्षणी त्याच्याशी बोलावे.

प्रश्नकर्ती

उद्या गृहभेटीला जाते आहे. आजीशी आधी बोलेन, कारण त्या घरात तिच्या होकाराशिवाय मूल दवाखान्यात जाणार नाही.