ठरलेल्या दिवशी गिऱ्हाईक आलंच नाही, आता बियाण्याचा भाव वाढवून सांगू का?

नमस्कार मंडळी. वाशिम जिल्ह्यात मानोऱ्याकडे आमचं गाव. प्रश्न शेतीतलाच आहे, पण खत-फवारणीचा नाही, व्यवहाराचा आहे. घरात दोन मतं झाली आहेत म्हणून इथे विचारतो.

गेल्या खरिपातलं सोयाबीन बियाण्यासाठी राखून ठेवलं होतं. वाण फुले संगम. मळताना थ्रेशरचे फेरे कमी ठेवले होते, नंतर चाळणी मारून डाळ झालेले दाणे आणि काडीकचरा काढला. घरच्या पेऱ्यापुरतं ठेवून बाकीचं विकायचं होतं. साडभावाच्या ओळखीतले एक जण दारव्ह्याकडून एप्रिलमध्ये येऊन माल पाहून गेले. दहा एकराला एकरी ३० किलो, म्हणजे ३ क्विंटल. भाव ठरला ६,५०० रुपये क्विंटल. इसार घेतला नाही. साडभावाचं माणूस, त्याला इसार कोणत्या तोंडाने मागणार? अक्षय तृतीया झाली की येणाऱ्या सोमवारी गाडी घेऊन येतो, असं ते म्हणाले.

त्या सोमवारच्या आधी आमच्याच गावातले एक काका तेच ३ क्विंटल ७,००० ने मागायला आले होते. शब्द दिलाय म्हणून त्यांना नाही म्हटलं. त्यांनी दुसरीकडून घेतलं.

सोमवारी पोती काढून ओसरीत लावली. गिऱ्हाईक आलं नाही आणि फोनही बंद. पुढे कितीतरी दिवस फोन बंदच. साडभावाला विचारलं तर म्हणे, येईल, माणूस चांगला आहे. त्या पैशातून डीएपी खत घ्यायचं होतं, ते कृषी केंद्रातून उधारीवर आणावं लागलं. ती उधारी फुकट मिळत नाही, हे इथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको.

आता मृग तोंडावर आलाय. घरगुती बियाण्याला आमच्याकडे ८,००० देणारे उभे आहेत. आणि परवा यांचा फोन आला, "भाऊ, लग्नाच्या धावपळीत होतो, त्यात मोबाइल पाण्यात पडला. रविवारी गाडी घेऊन येतो. पासष्टशेच न?" मी नुसतं "पाहू" म्हणून फोन ठेवला.

वडील म्हणतात, भाव एकदाच सांगायचा असतो, आता वाढवला तर उद्या दारव्ह्यात आपलं नाव निघेल. बायको म्हणते, शब्द सोमवारचा दिला होता, रविवारचा नाही. मला दोन्ही पटतं, हीच अडचण आहे. शिवाय ८,००० सांगावंसं वाटतं ते बाजारात भाव आहे म्हणून की मला राग आलाय म्हणून, हे मला नीट कळत नाहीये. तुम्ही काय केलं असतं?

काळीमाती:
राजेहो, एवढा ईचार कायले करता? तो आला नाही त्याच दिवशी सौदा मेला. भाव उलटा पडून पाच हजारावर आला असता तं त्यानं तुमाले पासष्टशे देल्ले असते काय? मोबाइल पान्यातून निघालाच नसता. आठ हजार सांगा, परवडलं तं नेईल.

बांधावरून:
काळीमाती, तो देणार नव्हता हे तुम्ही घरबसल्या ठरवलं. देणारेही असतात. मी गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगतो. तुरीचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) आणायला ट्रॉली घेऊन गेलो होतो. भाव फोनवर पक्का होता. ट्रॉली खळ्यात लागल्यावर मालक म्हणाला, आता ट्रॉलीमागे पाचशे जास्त लागतील. ट्रॅक्टरचं भाडं माझ्या अंगावर, रिकामी परत आणणार कशी? दिले पाचशे. तो त्या दिवशी जिंकला, पण त्या गावात मी परत पाऊल टाकलं नाही. धागाकर्त्याने भाव वाढवावा की नाही हा पुढचा प्रश्न. वाढवायचा असेल तर रविवारी दारात नको, आज फोनवर सांगा. तो आज दुसरीकडे पाहू शकतो. रविवारी तुमच्या ओसरीत उभा असताना त्याला कुठलाच पर्याय नसेल.

विसरभोळा:
पाचशे रुपयांसाठी गाव सोडलं म्हणजे कमाल आहे भाऊ.

कोर्टाच्या पायरीवर:
वकिलाकडे कारकुनी केली आहे, तेवढ्याच जोरावर लिहितो. मालाच्या विक्रीचा तोंडी करार आपल्याकडे चालतो, त्यासाठी कागद लागत नाही (माल विक्री कायदा १९३०, कलम ५). म्हणजे "लिहून कुठे दिलं होतं" हा मुद्दा कोणाच्याच कामाचा नाही. मुद्दा आहे तारखेचा. करार कायदा १८७२ चं कलम ५५ सांगतं की वेळ हा कराराचा गाभा असेल आणि समोरच्याने ती पाळली नाही, तर करार मोडायचा की ठेवायचा हे दुसऱ्या बाजूच्या हातात येतं. वेळ गाभा नसेल तर करार मोडता येत नाही, फक्त झालेलं नुकसान मागता येतं. पेरणीच्या बियाण्यात वेळ गाभा आहे असं तुम्ही म्हणाल. तो म्हणेल, मृगाच्या आत आलो ना? वाद दोन्हीकडून होऊ शकतो.

पण त्याच कलमात पुढे एक गोष्ट आहे जी लोक विसरतात. उशिरा आलेल्याला तुम्ही "बरं, या" म्हटलं आणि त्याच वेळी नुकसानीचं काही बोलला नाहीत, तर मागाहून नुकसान मागता येत नाही. तुम्ही "पाहू" म्हणालात, हे बरं झालं. पण "पाहू" म्हणून रविवारपर्यंत गप्प बसलात तर तो होकारच समजेल, आणि माणूस म्हणून त्याचं चुकणार नाही.

आता कायदा बाजूला ठेवून माझं मत. शब्द पाळायचं तुमचं काम तुम्ही केलेलं आहे. ७,००० चं गिऱ्हाईक परत पाठवलं, तिथेच ते झालं. त्याच्यामुळे तुमचं जे गेलं ते क्विंटलमागे ५०० रुपये, म्हणजे ३ क्विंटलचे १,५००, वर खताच्या उधारीचा भार. एवढं मागायला लाजायचं कारण नाही. ७,००० पासून ८,००० पर्यंतचे हजार रुपये मात्र त्याच्या न येण्याने गेलेले नाहीत, ते मृग जवळ आल्याने आले आहेत. तेही मागणं गुन्हा नाही, बियाणं तुमचं आहे. फक्त ते "तुम्ही आला नाहीत म्हणून" असं सांगून मागू नका.

काळीमाती:
कारकून साहेब, तुम्ही तं तराजूच घेऊन बसले. बाजारात एवढं मोजून कोन वागते?

कोर्टाच्या पायरीवर:
धागाकर्ता वागायला पाहतोय, म्हणूनच तर विचारतोय.

शंभर दाणे:
सगळे भावावर बोलताय, मालावर कोणीच नाही. एप्रिलमध्ये त्याला उगवण किती सांगितली होती? सोयाबीनची उगवणशक्ती लवकर उतरते, त्यात आपल्याकडचा मे महिना आणि टिनाची खोली. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून किती उगवतात ते परत तपासलं का? भाव वर आणि उगवण खाली, हे दोन्ही त्याला एकाच वेळी कळायला हवं.

आणि जाता जाता, घरचं बियाणं विकायला हरकत नाही. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ मध्ये कलम ३९ ने शेतकऱ्याला ती मुभा दिलेली आहे. फक्त ब्रँड म्हणून विकायचं नाही. काही पोरं हल्ली छापील पिशव्या भरून शेताचं नाव टाकतात, त्या भानगडीत पडू नका.

धागाकर्ता:
साध्या पोत्यातच देतोय, पिशव्या नाहीत. उगवणीचं बरं विचारलंत. एप्रिलमध्ये शंभरात ८४ आली होती आणि तेच त्याला सांगितलं होतं. आमच्या स्वतःच्या पेऱ्यासाठी गोणपाटात लावलेलं काल उघडून मोजलं, तर ७३. ७० च्या वर आहे म्हणून एकरी ३० किलो चालेल, पण ८४ नाही हे खरं. खरं सांगायचं तर ८,००० चा आकडा ते मोजल्यावरच डोक्यातून उतरला.

बांधावरून:
मग करा फोन.

धागाकर्ता:
केला. आधी ७३ सांगितलं. मग ७,००० सांगितलं आणि काकांना याच भावात परत पाठवलं होतं हेही सांगितलं. खताच्या उधारीचं काढलं नाही, तेवढं सोडलं. संध्याकाळपर्यंत २,००० फोनपेवर टाका, नाही आले तर मी मोकळा, असं स्पष्ट बोललो. थोडे रागावले. "साडभावाच्या माणसाकून इसार घेता काय?" म्हणाले. मी म्हटलं, साडभावाच्याच माणसाची वाट पाहिली म्हणून घेतो. मग तेही हसले.

दिवेलागणीला पैसे आले. पण नेणार दोनच क्विंटल, एकाचं ते दुसरीकडून पाहतात. ७३ ऐकून कचरले असावेत, आणि तो त्यांचा हक्क आहे. उरलेला क्विंटल गावातल्या एकाला ८,००० ने दिला. त्यालाही ७३ सांगूनच. त्याला आधी कुठलाच शब्द दिलेला नव्हता. वडिलांचं म्हणणं अजून तेच आहे, पासष्टशेनेच द्यायला हवं होतं.

शंभर दाणे:
वडिलांशी वाद घालू नका, पेरणी जवळ आली आहे. रविवारी दोन गोष्टी पाहा. पोती गाडीत वरून फेकू देऊ नका, सोयाबीनचं टरफल पातळ असतं, आदळलं की अंकुराला मार बसतो आणि उगवण उतरली की बोल तुमच्यावर येईल. आणि त्याच्यासमोर प्रत्येक पोत्यातून मूठ मूठ काढून, मिसळून, एक पुडी त्याला द्या, एक तुमच्याकडे ठेवा, वर दोघांच्या सह्या. बीजप्रक्रिया करून देऊ नका, त्याने पेरायच्या वेळी करावी. औषध लावलेलं बियाणं उरलं तर ना बाजारात विकता येतं, ना ढोरांपुढे टाकता येतं.